सुब्रह्मण्यन चंद्रशेखर : पहिल्या कृष्णविवरांच्या कोड्यातल्या दोन मर्यादा



आठवीच्या सामान्य विज्ञानात 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा पाठ आहे. तो येतो पुस्तकाच्या अगदी शेवटी. तोवर परीक्षेची घाई सुरू झालेली असते, म्हणून बऱ्याच वर्गांत तो पळत-पळत उरकला जातो. तारा हलका असेल तर शेवटी श्वेत बटू, जड असेल तर न्यूट्रॉन तारा, फारच जड असेल तर कृष्णविवर. फळ्यावर तक्ता, वहीत तक्ता, झाला पाठ! पण या हलक्या आणि जड यांच्यामधली रेघ कुणी ओढली, आणि ती ओढल्याबद्दल त्याला काय सोसावं लागलं, हे त्या तक्त्यात येत नाही. तुम्ही हा पाठ शिकवणार असाल किंवा घरी मुलाकडून करून घेणार असाल, तर या माणसाची गोष्ट तुमच्याजवळ असायला हवी.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरला झाला. घराणं तमिळ. वडील सी. सुब्रह्मण्य अय्यर रेल्वेच्या हिशेब तपासणीत मोठे अधिकारी, म्हणजे बदलीची नोकरी. आई सीतालक्ष्मी यांना शाळेचं शिक्षण फार मिळालं नव्हतं, पण वाचनाची ओढ एवढी की इब्सेनचं नाटक त्यांनी तमिळमध्ये आणलं. दहा भावंडं, त्यात मुलांमध्ये चंद्रशेखर सर्वांत मोठे. बारा वर्षांचे होईपर्यंत ते शाळेत गेलेच नाहीत. आई, वडील आणि घरी येणारे शिक्षक यांच्याकडेच शिकले. पुढे कुटुंब मद्रासला स्थायिक झालं आणि तिथल्या हिंदू हायस्कूलमध्ये व नंतर प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं. सी. व्ही. रामन हे त्यांचे सख्खे काका.

कॉलेजात असताना, १९२८ साली, जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड मद्रासला आले. या मुलाने त्यांचं अणूवरचं पुस्तक स्वतःच वाचून काढलं होतं, म्हणून तो धिटाईने भेटायला गेला. सोमरफेल्ड यांनी त्याला सांगितलं की त्या पुस्तकानंतर भौतिकशास्त्र पार बदलून गेलं आहे. दुसरा कुणी असता तर खट्टू होऊन परतला असता. सोमरफेल्ड यांनी आपल्या नव्या लेखाची छपाईपूर्व प्रत त्याच्या हातात दिली, आणि त्या एका लेखाच्या आधाराने हा मुलगा नवं शास्त्र शिकला. पुढच्याच वर्षी त्याचा स्वतःचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

आता मुंबईकडे येऊ. ३१ जुलै १९३० रोजी चंद्रशेखर मुंबई बंदरातून 'पिल्सना' नावाच्या बोटीने युरोपकडे निघाले. केंब्रिजला शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. वय पुरतं वीसही नव्हतं. घरी आई गंभीर आजारी होती, पण मुलानं जावं असा आग्रह तिचाच होता. पुढच्या मे महिन्यात ती गेली; मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. जुलैअखेरचा अरबी समुद्र कसा असतो हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. सुरुवातीचे दिवस बोटीवर सगळ्यांचे हाल झाले. समुद्र शांत झाल्यावर या मुलाने वही उघडली.

प्रश्न असा होता. ताऱ्यातलं इंधन संपलं की तो विझत जातो आणि स्वतःच्याच वजनाने आत दबत जातो. मग श्वेत बटू तारे दबून नाहीसे का होत नाहीत? त्याचं उत्तर केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ साली दिलं होतं. मुलांना सांगताना मी आपल्या एसटीचं उदाहरण देतो. समजा नियम असा आहे की एका सीटवर एकच प्रवासी आणि उभं राहायला मनाई. मग वडीगोद्रीच्या फाट्यावर कितीही माणसं ढकलली तरी गाडी भरली म्हणजे भरली. इलेक्ट्रॉन हे असेच नियमाचे पक्के. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसत नाहीत, म्हणून दाबलं की ते उलटा दाब देतात. त्या दाबावर श्वेत बटू तग धरतो.

इथवर ठीक. पण चंद्रशेखरांच्या लक्षात आलं की जड ताऱ्यात इलेक्ट्रॉन इतके दाबले जातात की त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, आणि तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धान्त धरायलाच हवा. प्रकाशाच्या वेगापलीकडे कुणाला जाता येत नाही. त्यामुळे पुढे कितीही दाबलं तरी उलटा दाब पुरेसा वाढत नाही. त्यांनी गणित केलं आणि एक आकडा निघाला. त्या आकड्यापेक्षा जास्त वस्तुमान असलेला श्वेत बटू असूच शकत नाही. पुढे गणित अधिक काटेकोर झाल्यावर हा आकडा सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरला. यालाच आज चंद्रशेखर मर्यादा म्हणतात.

इथे एक सूचना. सूर्याच्या सुमारे ८ पटींपर्यंतचे तारे श्वेत बटू होतात असं आपण शिकवतो, आणि मग हुशार पोर विचारतं, सर, मर्यादा १.४ आहे ना? दोन्ही आकडे बरोबर आहेत. ८ पट हे ताऱ्याचं जन्मावेळचं वस्तुमान. म्हातारपणी तो बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो. १.४ ही मर्यादा शेवटी उरलेल्या गाभ्याची. एवढं वाक्य तक्त्याखाली लिहून दिलं तर गोंधळ होत नाही.

मर्यादेच्या पलीकडच्या गाभ्याचं मग काय होतं? हाच तो प्रश्न ज्यावरून पुढचं रामायण घडलं.

केंब्रिजमध्ये त्या काळी आर्थर एडिंग्टन यांचा शब्द अखेरचा मानला जाई. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो हे पाहून आइन्स्टाइन बरोबर आहे असं जगाला सांगणारे हेच. ताऱ्यांच्या अंतरंगाचं शास्त्रही बरंचसं त्यांनीच उभं केलं. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट या लेखात पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. प्रकाशालाही धक्का असतो. तारा फार तेजस्वी झाला तर त्याचा प्रकाश बाहेरच्या वायूला इतका ढकलतो की गुरुत्वाकर्षणाला तो धरून ठेवता येत नाही. म्हणजे अमुक वस्तुमानाला अमुकच तेज झेपतं. ही एडिंग्टन मर्यादा.

चंद्रशेखर १९३३ साली पीएच.डी. झाले आणि ट्रिनिटी कॉलेजचे फेलोही. एडिंग्टन त्याच कॉलेजात. ते या तरुणाच्या खोलीवर येत, काम कुठवर आलं ते विचारत. आकडेमोडीसाठी हाताने फिरवायचं यंत्र मिळवून द्यायलाही त्यांनीच मदत केली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर आपलं काम मांडणार होते. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ मिळावा ही तजवीजही एडिंग्टन यांनी केली. आदल्या दिवशी चंद्रशेखरांना कळलं की आपल्यानंतर लगेच एडिंग्टन याच विषयावर बोलणार आहेत. काय बोलणार, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

चंद्रशेखरांचं बोलणं संपलं आणि एडिंग्टन उठले. या गणिताप्रमाणे जड तारा आकुंचन पावत राहील, इतका की शेवटी त्याचं गुरुत्वाकर्षण प्रकाशालाही बाहेर जाऊ देणार नाही, असं त्यांनी वर्णन केलं. हे वर्णन कृष्णविवराचं आहे, अगदी बरोबर आहे, आणि 'ब्लॅक होल' हा शब्द रूढ व्हायच्या तीसेक वर्षं आधीचं आहे! पण त्यांनी ते केलं ते सिद्धान्त हास्यास्पद ठरवण्यासाठी. तारा असा वेड्यासारखा वागू नये म्हणून निसर्गात काहीतरी नियम असणारच, म्हणून हे गणितच मुळात चुकीचं, असा त्यांचा पवित्रा होता. सभेत हशा पिकला. चंद्रशेखर चोवीस वर्षांचे होते. सभा संपल्यावर लोक येऊन त्यांची कीव करू लागले.

तुम्ही शिक्षक असाल तर या प्रसंगापाशी जरा थांबा. माझ्या मते एडिंग्टन चुकले ही यातली मोठी गोष्ट नाही. मोठी माणसं चुकतात. मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना गणित कळत होतं ते गप्प राहिले. बोर यांच्या गटातल्या शास्त्रज्ञांनी आणि पाउली यांनी खासगीत चंद्रशेखर बरोबर आहेत असं सांगितलं. जाहीरपणे कुणी बोललं नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय सभेत एडिंग्टन पुन्हा तेच बोलले, आणि अध्यक्षांनी चंद्रशेखरांना उत्तर द्यायची संधी दिली नाही. वर्गात एखाद्या पोराच्या उत्तरावर सगळे हसतात तेव्हा उत्तर माहीत असलेली दोन-तीन मुलं खाली मान घालून बसलेली असतात. आपण त्यांच्याकडे बघत नाही.

चंद्रशेखरांनी पुढे भांडत न बसता १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात आपली मर्यादा नीट मांडली आणि विषय बंद केला. दरम्यान १९३६ साली मद्रासला येऊन त्यांनी ललिता दोराईस्वामी यांच्याशी लग्न केलं. त्या कॉलेजात त्यांच्याबरोबर भौतिकशास्त्र शिकत होत्या. १९३७ च्या सुरुवातीला दोघं अमेरिकेत गेले. तिथे शिकागो विद्यापीठाची यर्क्स वेधशाळा विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहानशा गावात होती. पुढची अठ्ठावन्न वर्षं चंद्रशेखर त्या एकाच विद्यापीठात राहिले.

त्यांची कामाची पद्धत विलक्षण होती. एक विषय घ्यायचा, काही वर्षं त्यात पूर्ण बुडून जायचं, शेवटी त्यावर ग्रंथ लिहायचा आणि मग तो विषय सोडून नव्याने विद्यार्थी व्हायचं. ताऱ्यांच्या समूहांची गती, ताऱ्याच्या वातावरणातून होणारा प्रकाशाचा प्रवास, द्रवांची स्थिरता, असे विषय ते बदलत गेले. शिवाय १९५२ पासून १९७१ पर्यंत त्यांनी 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल' या नियतकालिकाचं संपादन केलं. वेधशाळेतून शंभरावर किलोमीटर गाडी चालवत ते शिकागोला शिकवायला जात. एका वर्गात फक्त दोन विद्यार्थी असत, ली आणि यांग, आणि पुढे त्या अख्ख्या वर्गाला नोबेल मिळालं, ही गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास सांगतात. ली आणि यांग यांना १९५७ साली नोबेल मिळालं. त्यांच्या शिक्षकाला मात्र १९८३ पर्यंत थांबावं लागलं. ती बातमी आली चंद्रशेखरांच्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी.

एडिंग्टन यांचं काय झालं? ते १९४४ साली वारले. आपलं मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. पण दोघांतला स्नेह आणि पत्रव्यवहार तुटला नव्हता. एडिंग्टन गेल्यावर शिकागोतल्या श्रद्धांजली सभेत चंद्रशेखर बोलले, आणि त्यांनी त्यांना त्या काळच्या थोर खगोलशास्त्रज्ञांत बसवलं. १९८२ साली एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ट्रिनिटी कॉलेजने व्याख्यानांसाठी बोलावलं ते चंद्रशेखरांनाच. त्यांनी एडिंग्टन यांची थोरवी सांगितली आणि त्या अधिकारी मतामुळे कृष्णविवराचा शोध कसा रखडला तेही सांगितलं.

आणि कृष्णविवरं? १९६३ साली क्वेसारचं कोडं पुढे आलं. ताऱ्यासारखे दिसणारे, पण अब्जावधी प्रकाशवर्षं दूर आणि अख्ख्या दीर्घिकेपेक्षा तेजस्वी असे ते बिंदू. एवढं तेज येतं कुठून? दीर्घिकेच्या मध्यभागी लाखो-कोट्यवधी सूर्यांएवढं कृष्णविवर बसलेलं आहे आणि त्यात पडणारा वायू तापून झळकतो, हे उत्तर हळूहळू मान्य झालं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरही सुमारे ४० लाख सूर्यांएवढं एक आहे. मे महिन्यात पहाटे अडीच-तीनला दक्षिणेकडे धनु रास बघा, ते त्याच दिशेला आहे. गावाबाहेर, दिव्यांपासून दूर गेलात तर आकाशगंगेचा पट्टा तिथेच सर्वांत दाट दिसतो. चंद्रशेखर साठी ओलांडल्यावर या विषयाकडे परतले. हृदयविकाराने गाठलेलं असतानाही त्यांनी नेटाने काम केलं आणि १९८३ साली कृष्णविवरांच्या गणितावरचा त्यांचा ग्रंथ बाहेर आला.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा शेवटचा मोठा संबंध पुण्याचा. जयंत नारळीकर यांनी उभारलेली आयुका ही संस्था २८ डिसेंबर १९९२ रोजी चंद्रशेखरांच्या हस्ते देशाला अर्पण झाली. तिथल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. (मराठी वाचकांत कृष्णविवर हा शब्द पोहोचवण्यातही नारळीकरांचा वाटा मोठा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठवलेल्या कथेचं नावच 'कृष्णविवर' होतं, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं.) सहल पुण्याला नेणार असाल तर आयुकात आधी विचारून नक्की जा.

२१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत चंद्रशेखर गेले. २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने क्ष-किरण टिपणारी मोठी दुर्बीण अवकाशात सोडली. तिच्या नावासाठी स्पर्धा घेतली होती, हजारो नावं आली. ज्या दोन प्रवेशिका निवडल्या गेल्या त्यातली एक एका शाळकरी मुलाची होती आणि दुसरी एका शिक्षिकेची. दोघांनी सुचवलेलं नाव एकच, चंद्रा.

आता तक्त्यापुढचं कोडं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये या चंद्रा दुर्बिणीने आणि जेम्स वेब दुर्बिणीने मिळून पाहिलेल्या एका दीर्घिकेची माहिती जाहीर झाली. तिचं नाव यूएचझेड-१. वेबने दीर्घिका शोधली. चंद्राने दोन आठवड्यांहून जास्त काळ तिकडे टक लावून तिच्या मध्यातून येणारे क्ष-किरण टिपले, म्हणजे आत कृष्णविवर वायू गिळत आहे. विश्वाचं वय आज सुमारे १३८० कोटी वर्षं. हा प्रकाश निघाला तेव्हा ते जेमतेम ४७ कोटी वर्षं होतं. आजच्या जवळच्या दीर्घिकांत मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या साधारण हजारावा भाग असतं. इथे मात्र कृष्णविवर १ ते १० कोटी सूर्यांएवढं, आणि दीर्घिकेतले सगळे तारे मिळूनही साधारण तेवढेच! घर बांधून व्हायच्या आत तिजोरी घराएवढी झालेली.

हे का अडतं ते वर्गात साध्या दुपटीने दाखवता येतं. पहिला तारा मेला आणि त्याचा गाभा चंद्रशेखरांची मर्यादा ओलांडून कोसळला. समजा त्यातून १०० सूर्यांएवढं कृष्णविवर तयार झालं. आता ते वायू गिळत वाढणार. पण पडणारा वायू तापतो, झळकतो, आणि त्याचा प्रकाश मागून येणाऱ्या वायूलाच ढकलतो. म्हणजे वाढीला लगाम घालायला एडिंग्टन मर्यादा हजर. त्या लगामात कृष्णविवराला दुप्पट व्हायला अंदाजे साडेतीन कोटी वर्षं लागतात. मुलांना फळ्यावर दुप्पट करत जाऊ द्या. १००, २००, ४००, ८००... १ कोटी ओलांडायला सतरा वेळा दुप्पट करावं लागतं. सतरा गुणिले साडेतीन, साडेएकोणसाठ कोटी वर्षं. आणि हातात होती एकूण ४७ कोटी, त्यातही पहिले तारे पेटायलाच दहा-वीस कोटी वर्षं गेली असणार. हिशेब जुळत नाही.

म्हणजे बघा, सुरुवात चंद्रशेखरांच्या मर्यादेतून होते, वेग एडिंग्टन यांच्या मर्यादेने ठरतो, आणि दोन्ही धरून चाललं की वेळ पुरत नाही. मग दोनपैकी काहीतरी सैल करावं लागतं. एक शक्यता अशी की काही काळ कृष्णविवरं एडिंग्टन मर्यादा ओलांडून गिळत असतील. दुसरी शक्यता अशी की सुरुवात मेलेल्या ताऱ्यापासून झालीच नाही. वायूचा एक प्रचंड ढग तारे न बनवता थेट कोसळला आणि बीजच दहा हजार ते एक लाख सूर्यांएवढं पडलं. लाखापासून सुरू केलं तर १ कोटीला फक्त सात दुपटी पुरतात, म्हणजे साधारण पंचवीस कोटी वर्षं. मूळच्या कोइम्बतूरच्या प्रियंवदा नटराजन यांनी येल विद्यापीठात या जड बीजांवर काम केलंय. अशा बीजापासून सुरुवात झाली तर कृष्णविवर काही काळ आपल्या दीर्घिकेच्या ताऱ्यांएवढं भारी दिसेल, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली, यूएचझेड-१ सापडण्याआधीच, मांडलं होतं. यूएचझेड-१ तसंच दिसतं. पण एका दीर्घिकेवरून सगळ्यांचा निकाल लागत नाही, म्हणून आता अशा आणखी दीर्घिका शोधणं चालू आहे.

तुमच्या वर्गातल्या मुलांना शेवटी एक गणित घरी द्या. बीज १०,००० सूर्यांचं असेल तर १ कोटीला किती दुपटी लागतील, किती वर्षं होतील, आणि ती ४७ कोटींत बसतात का? उत्तर दहा दुपटी, पस्तीस कोटी वर्षं. बसतात, पण अगदी काठावर, आणि तेही वाटेत एक दिवसही वायू कमी पडला नाही तर.